‘बाँडवर लिहून घेतलंय’: घरातले करार आणि वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातून आलेल्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटतं: ‘बाँडवर लिहून घेतलंय.’ कधी नवऱ्याकडून, कधी बहिणीकडून, कधी होणाऱ्या जावयाकडून. बाँड म्हणजे ई-स्टॅम्पचा कागद. तो शंभरचा असो की पाचशेचा, त्याच्या किमतीने आतल्या मजकुराला बळ येत नाही. नोटरीच्या शिक्क्यानेही येत नाही. आपला करार कायदा 1872 चा आहे. त्यात नातेवाइकांसाठी वेगळं प्रकरण नाही, पण काही कलमं अशी आहेत की ती बाजारापेक्षा घरातल्या व्यवहारालाच जास्त लागू पडतात. या वेळची उत्तरं मुख्यतः त्या कलमांवर आहेत. कुटुंबाच्या कायद्याचा भाग हिंदू कुटुंबं धरून लिहिला आहे, कारण आलेली पत्रं तशीच आहेत.

प्रश्न: यजमानांच्या सांगण्यावरून मी शाळेतली नोकरी सोडली. तेव्हा त्यांनी बाँडवर ‘घरखर्चाखेरीज दरमहा 8,000 रुपये तुला देईन’ असं लिहून सही केली. दीड वर्ष दिले, आता देत नाहीत. आम्ही एकत्रच राहतो. या कागदावर दावा लावता येईल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर: नुसत्या त्या कागदाच्या जोरावर पैसे वसूल होतील अशी आशा धरू नका. नोकरी सोडणं हा मोबदला आहे, असं म्हणता येईल. खरी अडचण मोबदल्याची नाही, हेतूची आहे. करार होण्यासाठी दोघांच्या मनात ‘हे मोडलं तर कोर्टात जाता येईल’ असा हेतू असावा लागतो, आणि एकत्र नांदणाऱ्या नवरा-बायकोच्या घरगुती बोलीत तो नसतो असं न्यायालयं धरून चालतात. याचं मूळ इंग्लंडमधल्या 1919 सालच्या बाल्फोर खटल्यात आहे. नवरा नोकरीसाठी सिलोनला परतला, बायको डॉक्टरांच्या सल्ल्याने इंग्लंडमध्ये राहिली, आणि त्याने तिला महिन्याला 30 पौंड द्यायचं कबूल केलं. पुढे बिनसल्यावर तिने दावा केला आणि हरली. 1970 साली तिथेच दुसऱ्या एका खटल्यात मात्र विभक्त झालेल्या नवऱ्याने लिहून दिलेला कागद कोर्टाने पाळायला लावला. विभक्त झालेली माणसं सावधपणे, हिशेबाने बोलतात, हा फरक तिथे निर्णायक ठरला.

आपल्याकडे कलम 25 मध्ये एक वाट आहे. मोबदला नसला तरी जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी केलेलं वचन बंधनकारक ठरतं. या अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1899 सालच्या एका खटल्यात (बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं) भावाने दावा हरलेल्या भावाला सलोखा व्हावा म्हणून अर्धी मिळकत नोंदणीकृत कागदाने देऊ केली. ते वचन टिकलं. उलट 1900 साली कलकत्त्यात नवऱ्याने बायकोला वेगळं राहण्याचा खर्च नोंदणी करून लिहून दिला होता, पण कागदात भांडणांचाच उल्लेख होता. प्रेम कुठे दिसत नाही म्हणून तो कागद रद्दबातल ठरला. तुमचा कागद तर नोंदणीकृतही नाही.

तरीही तो जपून ठेवा. तुमचा पोटगीचा हक्क कोणत्याही करारातून आलेला नाही, तो कायद्याने दिलेला आहे. घरगुती हिंसाचार कायदा 2005 खाली आर्थिक कोंडी हाही छळ आहे, आणि त्याखाली एकाच घरात राहूनही खर्चाची मागणी करता येते. तिथे हा कागद ‘इतके देण्याची ऐपत आहे हे त्यांनीच मान्य केलं होतं’ याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो. सोबत त्या दीड वर्षातल्या रकमा दिसतील असं पासबुक जोडा.

प्रश्न: वडील 2011 साली वारले, आईही नाही. दोन भाऊ आणि मी. जमीन आजोबांपासूनची, 6 एकर 20 गुंठे. ‘साडी-चोळी घे आणि हक्कसोडवर सही कर’ म्हणून भाऊ मागे लागलेत. दस्त कन्नडमध्ये आहे, मला कन्नड वाचता येत नाही. माझं लग्न 1989 साली झालं, त्यामुळे मला हक्कच नाही असं थोरले अण्णा म्हणतात. (खानापूर तालुका)

उत्तर: अण्णांच्या बोलण्याला जुना आधार आहे, पण तो आता उरलेला नाही. कर्नाटकाने 30 जुलै 1994 पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा दिला, मात्र त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. 9 सप्टेंबर 2005 पासूनच्या केंद्राच्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने येतो आणि 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, किंवा जमीन विकली गेली असेल, तरच तुमचा रस्ता अडतो. तसं काही नसेल तर तिघांचा हिस्सा सारखा येतो. 260 गुंठ्यांचे तीन भाग केले तर तुमच्या वाट्याला सुमारे 2 एकर 6 गुंठे 10 आणे.

तुम्हाला राजीखुशीने हक्क सोडायचा असेल तर कायदा आड येत नाही. मोबदला कमी म्हणून करार आपोआप रद्द होत नाही. पण त्याच कलम 25 च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की संमती मोकळी होती का हे ठरवताना कोर्ट मोबदल्याचा कमीपणा विचारात घेऊ शकतं. दोन एकरांपुढे एक साडी, ही गोष्ट त्या वेळी बोलते. आमचं स्पष्ट मत असं की माहेर तुटेल या भीतीने केलेली सही ही राजीखुशीची सही नव्हे. सही करायचीच असेल तर पुढच्या गोष्टी पाहा.

मसुदा सहीच्या निदान चार दिवस आधी हातात घ्या. कचेरीच्या दारात कागद पुढे आला तर सही करू नका. भावांच्या ओळखीतला नसलेला, कन्नड-मराठी दोन्ही येणारा माणूस गाठून पूर्ण मसुदा मराठीत लिहून घ्या. दस्ताचं शीर्षक आधी वाचून घ्या: ‘हक्कु बिडुगडे पत्र’ म्हणजे हक्कसोड, ‘दान पत्र’ म्हणजे बक्षीसपत्र, ‘क्रय पत्र’ म्हणजे खरेदीखत, ‘विभाग पत्र’ म्हणजे वाटणीपत्र. मग सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर चालू उताऱ्याशी एकेक करून ताडून पाहा. सहा एकरांच्या शेतासोबत घरजागा किंवा दुसरा गट हळूच घातलेला असतो, तो इथेच सापडतो. ‘पूर्ण मोबदला रोख मिळाला’ असं वाक्य असेल तर ते काढायला लावा. रक्कम ठरली असेल तर चेकचा किंवा बँक व्यवहाराचा नंबर दस्तात घाला. शेवटी असा परिच्छेद हवाच: ‘लिहून देणारीला कन्नड वाचता येत नाही, हा मजकूर तिला मराठीत वाचून व समजावून सांगितला.’ त्याखाली समजावणाऱ्याचं नाव, पत्ता आणि सही.

सब-रजिस्ट्रारपुढे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेताना ‘दस्त तुम्हीच लिहून दिलाय, मान्य आहे का?’ असं विचारतात. शंका असेल तर तिथेच ‘नाही’ म्हणा. लिहून देणाऱ्याने नाकारलं की नोंदणी अधिकारी तो दस्त नोंदवू शकत नाही. बाहेर पडल्यावर भांडण्यापेक्षा हे एक ‘नाही’ फार स्वस्त पडतं.

आणखी दोन गोष्टी. हक्कसोड साधारणपणे उरलेल्या सगळ्या हिस्सेदारांच्या लाभात जातं. एकाच भावाला द्यायचं मनात असेल तर बक्षीसपत्राचा विचार करा. त्याचं मुद्रांक शुल्क वेगळं असतं, कर्नाटकातला चालू दर सब-रजिस्ट्रार कचेरीत विचारून घ्या. दुसरं, वारसा वर्दीत तुमचं नाव गाळून उतारा भावांच्या नावावर चढला असेल तरी हक्क जात नाही. महसुली नोंद मालकी देत नाही आणि काढतही नाही. मात्र त्या उताऱ्यावर जमीन विकली गेली तर खरेदीदाराशीही भांडावं लागेल, म्हणून नोंदीला हरकत लगेच घ्या.

आधीच सही झाली असेल त्यांच्यासाठी: फसवून घेतलेला दस्त रद्द करून घ्यायला, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांची मुदत असते. विजापूर जिल्ह्यातल्या निंगव्वा यांच्या खटल्यात नवऱ्याने बक्षीसपत्रात त्यांना न सांगता जादा जमिनी घातल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली न सांगितलेल्या जमिनी त्यांना परत दिल्या, कारण फसवणूक कळताच त्या कोर्टात गेल्या. ज्या जमिनींची त्यांना पहिल्यापासून माहिती होती, त्यांचा दावा मुदतीबाहेर गेला.

प्रश्न: आम्हाला एकुलती मुलगी. जावयाने लग्नाआधी ‘कायम सासऱ्यांच्या घरी राहीन’ असं बाँडवर लिहून दिलं होतं. आता तो मुलीला घेऊन पुण्याला जातोय. (रायबाग)

उत्तर: जाऊ द्यावं लागेल. घरजावई राहण्याचा अगदी असाच लग्नाआधीचा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने 1901 साली अमान्य केला आहे. नवरा-बायकोने कुठे राहायचं हे तिसऱ्याशी केलेल्या करारात बांधता येत नाही. त्या बदल्यात जमीन त्याच्या नावावर केली असेल तर तो प्रश्न वेगळा. अथणीच्या पत्राचं उत्तर वाचा.

प्रश्न: मेव्हण्याला ट्रॅक्टरसाठी 3 लाख हातउसने दिले. 1 लाख बँकेतून, 2 लाख रोख. कागद केला नाही, पै-पावण्यांत कसा करणार? ‘ऊस बिल आलं की देतो’ एवढंच चालू आहे. (संकेश्वर)

उत्तर: उसने पैसे घरातल्या माणसाला दिले म्हणून ते दान होत नाहीत. पहिल्या उत्तरातला ‘हेतू नव्हता’ हा बचाव इथे सहसा चालत नाही, कारण परतफेडीची बोली हाच मुळात करार आहे. तुमची अडचण पुराव्याची आणि मुदतीची.

मुदत 3 वर्षांची. मागणी करताच परत द्यायचे अशा बोलीवर दिलेल्या पैशांची मुदत मागणीपासून नव्हे, पैसे दिले त्या दिवसापासून मोजतात. इथेच बहुतेक लोक फसतात. तीन सुग्या ‘देतो, देतो’ ऐकण्यात जातात आणि चौथ्या वर्षी वकील मान हलवतो. मुदत संपण्याआधी मेव्हण्याने सही करून लेखी कबुली दिली तर त्या तारखेपासून पुन्हा 3 वर्षं मिळतात. मुदत संपून गेली असेल तर नुसती कबुली पुरत नाही, ‘अमुक रक्कम देईन’ असं स्पष्ट वचन लेखी आणि सहीचं हवं. कलम 25 ते नवा करार म्हणून मानतं.

कबुलीत इतकं असलं की पुरे: दोघांची नावं, 3 लाखांपैकी किती कधी आणि कसे दिले, बाकी किती, कोणत्या तारखेपर्यंत देणार, तारीख, सही. प्रॉमिसरी नोट करणार असाल तर महसुली तिकीट लावून त्यावरून सही घ्या. तिकीट नसलेली नोट नंतर दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही. दुसऱ्या बऱ्याच कागदांना मिळते ती सवलत हिला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुसू नका, फोनही बदलू नका, कारण कोर्टात ते दाखवताना इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पण केवळ त्यांच्या भरवशावर मुदत मोजू नका. चेक घेतलात तर तो 3 महिन्यांतच बँकेत टाका. न वटल्यास बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग 15 दिवस वाट, आणि त्यानंतर एका महिन्यात फौजदारी तक्रार. यातली एक तारीख चुकली तर चेकची केस अडचणीत येते.

रोख दिलेल्या दोन लाखांबद्दल: आयकर कायद्याने 20,000 रुपये किंवा अधिक कर्ज रोखीने घ्यायला मनाई आहे. दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं असेल आणि करपात्र उत्पन्न नसेल तर सूट आहे. दंड घेणाऱ्याला होतो, पण देणाऱ्याला ‘दिले कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं लागतं. त्या दिवशीची बँकेतली उचल किंवा कारखान्याच्या बिलाची पावती शोधून ठेवा. पुढच्या वेळी सगळी रक्कम बँकेतून द्या आणि तपशिलात ‘हातउसने’ हा शब्द घाला. एवढ्याने नातं बिघडत नाही. रकमेवरून दोघांच्या आठवणी वेगळ्या झाल्या की बिघडतं.

प्रश्न: पंचांसमक्ष नोटरीकडे सोडचिठ्ठी झाली. नवऱ्याने 1 लाख दिले आणि ‘पुढे पोटगी मागणार नाही, मुलगा वडिलांकडे राहील’ असं माझ्याकडून लिहून घेतलं. आता तो दुसरं लग्न करतोय. (बेळगाव तालुका)

उत्तर: तुमचं लग्न अजून कायम आहे. हिंदू विवाह कोर्टाच्या हुकमाशिवाय मोडत नाही. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी, अखंड रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती सिद्ध करण्याचा भार रूढी सांगणाऱ्यावर असतो आणि तो पेलणं सोपं नाही. लग्नाचे किंवा घटस्फोटाचे दस्त करणं हे नोटरीचं काम नव्हे, हे केंद्रीय कायदा मंत्रालयानेही ऑक्टोबर 2024 मध्ये कळवलं आहे. म्हणून तो दुसरं लग्न करेल तर ते रद्दबातल ठरेल आणि त्याच्यावर द्विविवाहाचा गुन्हाही होईल. हीच टांगती तलवार तुमच्यावरही आहे: या कागदाच्या भरवशावर तुम्ही दुसरं लग्न करू नका.

पोटगी सोडल्याचं वाक्य सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध, म्हणून बंधनकारक नाही. कर्नाटकातल्याच एका पत्नीने 8,000 रुपये एकरकमी घेऊन पुढचा हक्क सोडल्याची तडजोड केली होती, तीही कोर्टात. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं की त्या तडजोडीमुळे 1956 च्या दत्तक व पोटगी कायद्याखालचा तिचा दावा अडत नाही. घेतलेला 1 लाख मात्र हिशेबात धरला जाईल, तो लपवू नका. मुलाचा ताबा आणि खर्च आई-बापाने आपसांत विकत घेण्याची गोष्टच नव्हे. कोर्ट मुलाचं हित पाहतं, तुमचा कागद नाही.

दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब चा सहमतीचा अर्ज करा. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांची वाट असते, ती 2017 च्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं. पैसे एकदम घेऊ-देऊ नका. काही भाग पहिल्या अर्जाला आणि उरलेला अंतिम हुकमाच्या दिवशी, डीडीने. हुकूम होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून हप्त्यांत दोघांचीही राखण होते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा किंवा तालुका कायदा सेवा कचेरीत जा. स्त्रीला उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

प्रश्न: मुलासाठी मुलगी मिळेना. एजंटाने दीड लाखात लग्न जमवून द्यायचं बाँडवर लिहून दिलं. मुलगी आठव्या दिवशी दागिने घेऊन गेली. करारभंगाचा दावा करावा का? (चिकोडी तालुका)

उत्तर: नको. पैसे घेऊन लग्न जमवण्याचा करार कायद्याच्या नजरेत मुळातच नसतो, त्यामुळे करारभंगही नसतो. फसवणुकीची फौजदारी तक्रार करा (भारतीय न्याय संहिता, कलम 318): बाँडची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा, मुलीचं दाखवलेलं आधार कार्ड, फोन नंबर आणि लग्नाचे फोटो जोडून. मुलीचं वय आणि ती स्वखुशीने आली होती का, हे पोलीस आधी विचारतील. तीही कोणाच्या तरी व्यवहारात अडकलेली असू शकते, याचा विचार रागाच्या भरातही करा.

प्रश्न: चार एकर मळा मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने केला. ‘मरेपर्यंत सांभाळीन’ म्हणाला होता. आता सून जेवण वेगळं करा म्हणते. माझं वय 71. बक्षीस मागे घेता येतं का? (अथणी)

उत्तर: मनात आलं म्हणून बक्षीस मागे घेता येत नाही. पण ज्येष्ठ नागरिक कायदा 2007 च्या कलम 23 खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत आणि ती अट न पाळणं, या दोन गोष्टी दाखवल्या की हस्तांतर फसवणुकीचं धरून रद्द करता येतं. सगळा भार ‘अटीवर’ या शब्दावर आहे. आधी दस्त काढून पाहा. ‘प्रेमापोटी, कोणत्याही अटीशिवाय’ असं लेखनिकाच्या नेहमीच्या साच्यातलं वाक्य असेल तर काम अवघड, कारण 2022 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अट दिसायलाच हवी असं म्हटलं. 2 जानेवारी 2025 च्या निकालात मात्र, ज्या दिवशी बक्षीसपत्र झालं त्याच दिवशी मुलाने सांभाळण्याचं वेगळं वचनपत्र दिलं होतं, ते दोन्ही कागद एकत्र वाचून कोर्टाने बक्षीस रद्द ठरवलं आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचा असं सांगितलं. म्हणून त्या दिवसांतलं पत्र, संदेश, साक्षीदार जे असेल ते गोळा करा.

अर्ज चिकोडीच्या असिस्टंट कमिशनर साहेबांकडे, म्हणजे प्रांत कचेरीत करायचा. वकील लागत नाही. दस्ताची प्रत, उतारा, वयाचा पुरावा, काय काय बंद झालं (जेवण, औषध, खोली) त्याच्या तारखा द्या. त्याच अर्जात दरमहा पोटगीही मागा. कायद्यात तिची कमाल 10,000 रुपये आहे. निकाल विरुद्ध गेला तर 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

ज्यांनी अजून नावावर केलेलं नाही त्यांना आमचं सांगणं असं: मृत्युपत्र करा, ते शेवटपर्यंत बदलता येतं. बक्षीसच द्यायचं असेल तर ‘हयातीपर्यंत उपभोगाचा हक्क माझ्याकडे’ आणि ‘अन्न, औषध, निवारा व देखभाल या अटीवर’ ही दोन वाक्यं दस्तातच घाला. लेखनिक नको म्हणाला तर लेखनिक बदला.

प्रश्न: मुलीचं लग्न मडगावच्या मुलाशी ठरलंय. तिकडे लग्नाआधी मिळकतीचा करार करतात म्हणे. करावा का? (बेळगाव)

उत्तर: हो, तिकडे तो करार कायद्याने चालतो; आपल्याकडे त्याला तसा कायदा नाही. मूळच्या गोवेकरांना पोर्तुगीज काळची नागरी संहिता लागू आहे. लग्नाआधी काहीच ठरवलं नाही तर दोघांची मिळकत एकत्र होते आणि प्रत्येकाचा अर्धा वाटा धरतात. यात लग्नाआधीची आणि वारसाने आलेलीही येते. वेगळी ठेवायची असेल तर लग्नापूर्वी नोटरीपुढे रीतसर दस्त करावा लागतो, आणि लग्न झाल्यावर तो बदलता येत नाही. मुलीच्या नावावर इकडे जमीन असेल तर हा प्रश्न तिच्यासाठी खरा आहे, कारण गोव्याच्या रहिवाशाच्या गोव्याबाहेरच्या मिळकतीच्या वारशालाही तोच कायदा लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं. दोघांनी, आई-वडिलांनी नव्हे, मडगावच्या वकिलाकडे एकदा बसावं, तेही पत्रिका छापण्याआधी. आणि इकडचं तिकडचं काहीही असो, हुंडाबंदी कायद्याखालच्या 1985 च्या नियमांप्रमाणे लग्नातल्या भेटींची यादी दोघांच्या सहीने करून ठेवा: वस्तू, अंदाजे किंमत, कोणी दिली. पुढे स्त्रीधनाचा वाद निघाला तर ही यादी दहा साक्षीदारांचं काम करते.

प्रश्न: साखरपुड्यात ‘लग्न मोडेल त्याने 5 लाख द्यायचे’ असं लिहिलं होतं. मुलाकडच्यांनी मोडलं. (हुक्केरी)

उत्तर: लग्न कर असा हुकूम कोणतंही कोर्ट देणार नाही, पण झालेलं नुकसान मागता येतं: हॉलचा आगाऊ, जेवणावळ, कपडे, पावत्यांसह, 3 वर्षांच्या आत. 5 लाख हा आकडा कमाल मर्यादा समजा. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढंच देतं. हुंड्यावरून मोडलं असेल तर हुंडा मागणं हाच गुन्हा आहे, लग्न झालेलं असो वा नसो.

प्रश्न: आम्हा तिघा भावांची जमीन निपाणी आणि कागल, दोन्ही तालुक्यांत. पंचांसमोर साध्या कागदावर वाटणी लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. आता धाकटा फिरलाय. (निपाणी तालुका)

उत्तर: कागदातलं क्रियापद पाहा. ‘आमची वाटणी पूर्वीच तोंडी झाली आहे, ती आठवणीसाठी लिहून ठेवत आहोत’ असं असेल तर ती याद आहे, तिला नोंदणी लागत नाही. 1976 पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. ‘या कागदाने वाटणी करत आहोत’ असं असेल तर तोच वाटणीचा दस्त, आणि नोंदणीशिवाय कोणाला काय मिळालं हे त्यावरून सिद्ध करता येत नाही. फार तर तुम्ही वेगवेगळे कसत होता एवढं दाखवता येतं, तेही कर्नाटकात मुद्रांक शुल्क आणि त्याच्या दहापटीपर्यंत दंड भरून. आणि बहिणी असतील, त्यांच्या सह्या नसतील, तर तोंडी वाटणीचा आधार फारच लंगडा. 2005 च्या दुरुस्तीने नोंदणीकृत किंवा कोर्टातली वाटणीच मुख्यतः मानली आहे.

धाकटा बोलायला तयार असेल तर दोन वेगळे दस्त करा. निपाणीच्या जमिनीसाठी आधी मोजणी करून 11-ई नकाशा काढा. सर्व्हे नंबर फोडायचा असेल तर त्याशिवाय इकडे नोंदणी होत नाही. कागलकडची वाटणी तिकडच्या सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा, किंवा सहमती असेल तर तहसीलदारापुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली. एकाच दस्तात दोन्ही राज्यांची जमीन घालता येते, पण मग दुसऱ्या राज्यातल्या शुल्काचा फरक आणि नोंदींची धावपळ मागे लागते. सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करा.

तो तयार नसेल तर वाटणीचा दावा निपाणीत किंवा कागलात, कुठल्याही एका कोर्टात दोन्हीकडच्या जमिनींसाठी लावता येतो. सगळ्या जमिनी एकाच दाव्यात घाला. एखादा तुकडा बाहेर ठेवला तर ‘दावा अपुरा’ म्हणून समोरचा पहिली हरकत तिथेच घेतो.